तो आता कुठवर आलाय?

टोर्डालच्या शाळेचं मैदान आता गुरं चारायला दिलं आहे. गोलाचे पिवळे खांब अजून उभे आहेत आणि गुरं त्यांना पाठ घासतात. गावात माणसं एकशे चाळीस. त्यातली निम्मी तरी ओरिन स्कारच्या हाताखालून गेलेली. तो शाळेत सुतारकाम आणि वेल्डिंग शिकवायचा, आणि चौतीस वर्षं अमेरिकन फुटबॉलचा कोच होता. मोठ्या शाळांचे संघ अकराचे असतात. टोर्डालमध्ये अकरा मुलगे एका वेळी कधी जमले नाहीत, म्हणून इथे सहा जणांचा खेळ. चेंडू काखेत मारायचा, पळत सुटायचं आणि समोरच्या सहांनी पाडायच्या आत पलीकडची रेघ ओलांडून सहा गुण घ्यायचे.

मुलं थोडी आणि अंगानं किरकोळ. धडका मारून जिंकणं त्यांच्या नशिबात नव्हतं, तेव्हा ओरिननं डोकं दुसरीकडे लावलं. चेंडू एकाच्या हातात आणि पळतोय भलताच. फेकणारा फेकल्यासारखा करतो आणि चेंडू त्याच्या पाठीमागे दुसऱ्याच्या पोटाशी. टोर्डालला खेळायला जाताना बुटांच्या नाड्यासुद्धा दोनदा तपासा, असं आसपासच्या गावांत म्हणत. ओरिनला त्याचं वाईट वाटत नसे. त्याचे दोन नियम होते. तोंडानं फसवायचं नाही, कारण खेळाच्या नियमातच ते बसत नाही. आणि लागल्याचं सोंग कधी करायचं नाही.

त्याच्या सगळ्या डावांत एक डाव वेगळा होता. त्याला नाव नव्हतं. मुलं नुसतं "तो" म्हणायची.

सहाही मुलं आपापल्या जागी उभी राहायची आणि मान वळवून आपल्याच पाठीमागे, उत्तरेकडे बघायची. मग कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. चेंडूवर वाकलेला मुलगा स्वतःच्या दोन पायांमधून उत्तरेकडे बघायचा, म्हणजे त्याला सगळं उलटं दिसायचं. समोरचे सहा तसेही उत्तरेकडेच तोंड करून असायचे. या सगळ्यांना मागे एवढं काय दिसतंय, म्हणून त्यांची नजर यांच्या खांद्यांवरून पलीकडे जायची. तेवढ्या दोन सेकंदांत चेंडू पायांमधून मागे यायचा, संघातल्या सगळ्यात लहानखुऱ्या मुलाच्या हाती पडायचा आणि तो त्यांच्यामधून चालत, मग पळत निघून जायचा.

ही विद्या ओरिनला निल्सनं दिली होती. निल्स हा त्याच्या वडिलांकडे कामाला असलेला म्हातारा गडी. वेगवान हरणांच्या त्या मुलुखात तो हरणांच्या मागे धावत नसे. गवतात उताणा पडायचा आणि लाल रुमाल हलवायचा. हरीण थांबायचं, बघायचं, दोन पावलं पुढे यायचं. "भुकेनं मरतात त्यापेक्षा बघायला येऊन जास्त मरतात," निल्स म्हणायचा.

पहिल्यांदा हा डाव टाकला तेव्हा फसला. समोरचे सहा फसले ते ठीक, पण पंचही फसला. उत्तरेकडे बघता बघता चेंडू कुठे आहे हेच त्याला कळेना, त्यानं शिट्टी मारली आणि झालेली धाव रद्द झाली. तेव्हापासून सामन्याआधी ओरिन पंचाला बाजूला घेऊन सांगायचा. तशी पद्धतच आहे. फसवणुकीचे डाव पंचाला आधी सांगून ठेवतात. गेली वीस वर्षं पंच होता ड्वेन हेफ्टा. एरवी तो घरोघर गॅसच्या टाक्या भरायचा.

"आज तो आहे का?" ड्वेन विचारायचा.

"असेल. तू मात्र बघू नकोस."

"माझी बायको म्हणते, तुला बघायला सांगितलेलंच दिसत नाही. काळजी नको."

खरी मेख पुढेच होती. पहिल्या वर्षी सरावात ओरिनच्या लक्षात आलं की मुलं शून्यात बघताहेत, आणि शून्यात बघणारा डोळा लगेच ओळखू येतो. तेव्हा तो म्हणाला, "काहीच नाही तिकडे बघू नका. माणूस बघा. धान्याच्या कोठारापाशी एक माणूस आहे. तपकिरी कोट. कुंपणाच्या कडेनं येतोय. घाई नाही त्याला. डावा पाय जरा ओढतो."

"टोपी आहे का, कोच?"

"आहे. कान झाकणारी."

डोळे बदलले. त्या दिवशी ओरिनच्या मानेवर काटा आला होता, पण डाव जमला म्हणून आला असेल, असं त्यानं धरलं.

चार-पाच वर्षांनी डाव पुन्हा काढला तेव्हा आसपासच्या गावांना कोठार माहीत झालं होतं. म्हणून त्यानं माणसाला वजनकाट्याच्या खोलीपर्यंत आणलं. पुढच्या पोरांसाठी तो टपालपेट्यांपाशी आला, मग ओढ्यावरच्या मोरीवर. त्यानंतर नऊ वर्षांपूर्वी, कुंपणाच्या शेवटच्या खांबाशी. पहिली फसगत सोडता डाव चार वेळा चालला आणि चारही वेळा माणूस पुढे सरकला. कोणत्याही वर्षीची मुलं सरावाला येऊन पहिलं हेच विचारायची: "कोच, तो आता कुठवर आलाय?" मोठी होऊन ट्रॅक्टरवर बसलेली माणसंसुद्धा दुकानात भेटली की विचारायची. एकदा एकजण हसला नाही. म्हणाला, "परवा नांगरताना मला वाटलं, तो मोरीवर बसलाय."

"ऊन लागलं असेल," ओरिन म्हणाला.

नऊ वर्षं त्यानं तो डाव काढला नाही. शेवटच्या खांबानंतर एकच जागा उरली होती: मैदानाच्या उत्तर टोकाचं लोखंडी फाटक. ते त्यानं स्वतः वेल्डिंग करून बनवलं होतं.

माणूस कुठून आला, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, लव्हॉनलाही नाही. आठ वर्षांचा असताना, जानेवारीत, बर्फाचं वादळ उठलं. निल्स गुरांना चारा घालून कुंपण धरून परत यायचा होता. आईनं ओरिनला खिडकीशी बसवलं, शेजारी दिवा ठेवला आणि सांगितलं, "तो दिसला की हाक मार. शेतातल्या मोरीपाशी दिसेल. नजर हलवू नकोस." ओरिननं तासभर बघितलं. मोरीवर तपकिरी ठिपका दिसलाही. मग भाऊ सोंगट्यांचा पट मांडून बसला होता तिकडे त्याचं लक्ष गेलं. परत बघितलं तेव्हा काच पांढरी होती. आईनं विचारलं. मार बसेल म्हणून तो म्हणाला, "दिसला. गोठ्याकडे वळला." गोठ्यात शेगडी होती, झोपायला गवत होतं. म्हणून कुणी बाहेर गेलं नाही.

सकाळी निल्स घराच्या फाटकाशी सापडला, बाहेरच्या बाजूला. अडसर बर्फानं घट्ट झाला होता. तो उघडायला त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला असावा. वडिलांनी अंगावर घोंगडी टाकली, त्याआधी तो उघडा हात ओरिननं पाहिला. मुलांना त्यानं कोट सांगितला, टोपी सांगितली, पाय सांगितला. हाताचं कधी बोलला नाही.

शेवटच्या वर्षी शाळा बंद होणार हे सप्टेंबरातच ठरलं होतं. मुलं बसनं पन्नास मैलांवर जाणार. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी, दुपारी एकला, कॉर्बेट गावच्या शाळेविरुद्ध सामना. जिंकले तर अजून एक आठवडा, हरले तर टोर्डालचा फुटबॉल तिथेच संपला. सगळं गाव पिकअप घेऊन आलं होतं. गाड्या मैदानाभोवती नाक आत करून लावतात आणि टाळ्यांऐवजी भोंगे वाजवतात. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायका खिमा-राजम्याची गरम चिली आणि दालचिनीचे रोल वाढत होत्या.

"तुझा चेहरा बघ," लव्हॉन त्याला वाटी देत म्हणाली. "शेवटचा सामना आहे, शेवटचा दिवस नाही."

"थंडी आहे."

"थंडी काय आज आली? खा. आणि पोरांवर ओरडू नकोस, एमेट सकाळपासून दोनदा ओकलाय."

एमेट रूड हा त्या वर्षीचा सगळ्यात लहानखुरा.

अकरा सेकंद उरले तेव्हा टोर्डाल चार गुणांनी मागे होतं, आणि रेघ चाळीस यार्डांवर. ओरिननं उरलेली एकमेव विश्रांती मागितली. सहा घामेजले चेहरे त्याच्याभोवती जमले. तो दोन नेहमीचे डाव बोलला. तेवढ्या अंतरावर त्यातला एकही चालणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं.

"कोच," एमेट म्हणाला, "माझ्या बाबांच्या वेळी तो मोरीवर होता."

"माहीत आहे मला."

"मग आता कुठवर आलाय?"

ओरिननं उत्तरेकडे पाहिलं नाही. सांगितलं नाही तर ही मुलं हरून घरी जाणार, आणि चौतीस वर्षांचं काम इथे चार गुणांनी संपणार. सांगितलं तर काय होणार? काहीच नाही. माणूस त्यानंच तर बनवला होता.

"फाटकाशी," तो म्हणाला. "बाहेरच्या बाजूला. अडसरावर हात आहे."

पंचाकडे बघून त्यानं मान हलवली. ड्वेननं टोपी पुढे ओढली.

मुलं उभी राहिली, माना वळल्या. ओरिन स्वतःच्या शिस्तीप्रमाणे चेंडूकडेच बघत राहिला. कॉर्बेटच्या सहांच्या नजरा वर उचलल्या गेल्या. चेंडू पायांमधून मागे आला, एमेटनं तो पोटाशी धरला आणि चालायला लागला. एकाच्या इतक्या जवळून गेला की दोघांच्या बाह्या घासल्या. मग तो पळाला. ओरिननं मनात मोजायला सुरुवात केली. दोन सेकंद झाले, तीन झाले. चार सेकंदांवर कुणीतरी नेहमी ओरडतं, माना फिरतात, पाठलाग सुरू होतो. पाच झाले, सहा झाले.

कुणी वळलं नाही. एमेट रेघेपलीकडे पोचला, थांबला आणि चेंडू हातात धरून मागे बघू लागला. आपलं काही चुकलं असावं तसा त्याचा चेहरा होता. पलीकडे ड्वेननं दोन्ही हात वर केले. टोर्डाल जिंकलं होतं आणि एकही भोंगा वाजत नव्हता. कॉर्बेटची मुलं, त्यांचा कोच, बाकावरचे, गाड्यांच्या काचांमागची माणसं, चिलीचा मोठा चमचा हातात धरून लव्हॉन, सगळे उत्तरेकडे बघत होते. वारा पडला होता. त्या शांततेत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. अडसर सरकल्याचा तो आवाज ओरिनला ओळखता आला, कारण तो अडसर त्यानं स्वतः बसवला होता.

मग कुठेतरी मूल रडलं आणि एकदम सगळे भोंगे वाजायला लागले.

सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात आणि तळव्याला तळवा लावत पुढे सरकतात. ओरिन रांगेच्या शेवटी होता. कॉर्बेटचा एक दांडगा मुलगा, ज्याच्या बाहीला एमेटची बाही लागली होती, तो त्याच्यापाशी थांबला.

"छान डाव होता, कोच. आमच्या बसमध्ये आज माझी धडगत नाही."

"सगळेच फसले. तू एकटा नाहीस."

"पण ते आजोबा कोण होते? त्यांना आत घ्या ना कुणीतरी. केवढी थंडी, आणि एका हातात मोजाच नाही."

ओरिनचा तळवा हवेतच राहिला. "कुठल्या हातात?"

मुलानं क्षणभर विचार केला आणि आपला उजवा हात उचलला.

मागून ड्वेननं खांद्यावर हात ठेवला. "मी नाही बघितलं हं. तू सांगितलंस म्हणून. काय होतं तिकडे?"

ओरिननं खांदा सोडवून घेतला. मुलं त्याला उचलायला धावत येत होती. त्यांना हातानं थांबवून तो उत्तरेकडे चालायला लागला, सगळं मैदान ओलांडून, सावकाश. अठ्ठावन्न वर्षांनी का होईना, तो नजर न हलवता बघत होता.

फाटक सताड उघडं होतं. पलीकडे कुंपण, शेवटचा खांब, मोरी, टपालपेट्या, आणि लांब कोठार. रस्त्यावर माणूस नव्हता. त्यानं हाक मारली. कोणती, ते लव्हॉनला ऐकू आलं नाही; पण लहान मूल हाक मारतं तसा आवाज होता, असं ती म्हणते. मग तो वळला आणि मैदानाकडे, गाड्यांकडे, जिंकलेल्या पोरांकडे, एकेका माणसाकडे बघत उभा राहिला, मोजत असल्यासारखा.

पुढच्या शनिवारी परक्या गावात ते बावन्न-वीसनं हरले. त्या दिवशी एमेटनं विचारलं नाही आणि ओरिननं डाव काढला नाही. माणसाला उभं करायला जागाच उरली नव्हती.

"फाटक तरी लावून यायचंस," कॉर्बेटच्या सामन्यानंतर घरी परतताना लव्हॉन म्हणाली होती. "कुणाची गुरं शिरली म्हणजे?"

त्या मुलुखात फाटकाचा कायदा शाळेत जायच्या आधी शिकवतात: जसं सापडेल तसं ठेवून यायचं.

"उघडं सापडलं," ओरिन म्हणाला.