फोटोतल्या उघड्या चोची

परवा नातसुनेनं मी काढलेला एक जुना फोटो इथे टाकला. बुलबुलाची तीन पिल्लं, चोची वासून बसलेली... खाली बऱ्याच जणांनी 'किती गोड' लिहिलंय. आभार. पण मी शहाण्णव वर्षांचा आहे, खरं काय ते सांगून टाकलेलं बरं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा मे महिना. गाव अनसिंग. अकोल्याच्या मामांनी मला त्यांचा घडीचा कॅमेरा दिला होता, सोबत अगदी जवळचं टिपायचं एक भिंग. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मुंगी दिसली तरी मी तिच्यासमोर पालथा.

शेजारच्या मळ्यात यमुनाकाकी वांगी लावायच्या. त्यांच्या लिंबोणीत बुलबुलाचं घरटं होतं. काकींना मूलबाळ नव्हतं... पाखरू बुजेल म्हणून त्यांनी त्या वर्षी लिंबंही तोडली नव्हती.

घरट्यावर दाट सावली होती आणि उजेडाशिवाय फोटो येणार कसा? मी कोयत्यानं वरच्या दोन फांद्या उडवल्या.

काकी धावत आल्या. "बापू, फांद्या कायले तोडून राह्यला? ऊन लागन ना त्यायले!"

"पाच मिनिटं, काकी. फोटो झाला की परत बांधून देतो."

"बांधजो मंग नक्की," म्हणाल्या आणि वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला गेल्या. माझ्या शब्दावर.

फोकस लावता लावता पाच मिनिटांचा तास झाला. मादी कुंपणावर बसून सारखी ओरडत होती. शेवटी तिघांनी एकदम चोची वासल्या आणि मी बटण दाबलं. इतका खूश झालो की तसाच घरी आलो, जेवलो आणि झोपलो. फांद्या बांधायच्या राहिल्या...

संध्याकाळी गेलो तर लिंबोणीवर ओलं गोणपाट टाकलेलं. काकी खाली मातीत बसल्या होत्या.

"बोटानं पाणी देलं, बापू... घेतलं नाही त्यायनं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ-दहा दिवसांनी अकोल्याहून फोटो आला. मामांनी मागे लिहिलं होतं, 'आईची वाट पाहणारी पिल्लं.' काकींना तेवढाच आधार होईल, अशी माझी अक्कल. गेलो घेऊन.

त्यांनी पदराला हात पुसून फोटो धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे वाट पायनं नाही, बापू. धापा टाकून राह्यले ते. उन्हात कोंबडी नाही का अशीच तोंड उघडत?"

फोटो माझ्या हातात देऊन त्या वांग्यांना पाणी द्यायला गेल्या.

काकी जाऊन फार वर्षं झाली. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

वीतभर अंतरावरून पाहत होतो मी त्या जिवांकडे... आणि हलू नका रे, एवढंच म्हणत होतो.