सुनेचा सरवा

सन २०२२ होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा मी दुपट्ट्यात नोटा बांधून गोंदियाला गेलो आणि पॉवर टिलर नगद घेऊन आलो. सुनेने पाणी दिलं, टिलरकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "चांगला आहे, मामाजी." तिचा चेहरा उतरला होता. तो पाहून मी मनात खूश झालो. त्या खुशीची मला आजही लाज वाटते, म्हणून आधी तेच लिहिलं.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण बाजारात माझं नाव नगदीचं. कोणाकडे उधार मागितलं नाही आणि कोणाचं फुकट खाल्लं नाही, ह्याचा मला गर्व आहे. तो लपवायचं काही कारण नाही.

आमचं गाव कामठ्याच्या अंगाला. जवळच बिरसीचं विमानतळ आहे. विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर आमच्या धानावरून घिरट्या घालतात. आमचे बैलसुद्धा आता वर पाहत नाहीत. पण त्या विमानांखाली जन्म काढूनही आमच्या घरातलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं. सून आली ती मात्र तीन देश पाहून आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, पगार मास्तरणीला असतो तेवढाच. लग्नानंतर ती माझ्या मुलाला घेऊन तुर्कस्तानला जाऊन आली. मुलगा राइस मिलवर कामाला. लोकांनी त्याला विचारलं, किती लागले गा? तो म्हणाला, "मले काय माहीत. मी हिच्या पॉइंटवर गेलतो."

ह्या पॉइंटची गोष्ट तिने मला चार वेळा समजावली. खत, कपडा, विम्याचा हप्ता, पेट्रोल, जे आपल्याला घ्यायचंच आहे ते नगद न देता बँकेच्या कार्डाने घ्यायचं. बँक त्यावर पॉइंट देते. पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की त्याचे मैल होतात, आणि मैल साठले की तिकीट मिळतं. वरचा टॅक्स तेवढा आपण भरायचा.

मी म्हटलं, "म्हणजे उधारीत घ्याचं अन् फुकटात फिराचं. आपल्या घरी दोनी चालत नाई."

"उधारी नाही, मामाजी. पैसे मी आधीच बाजूला ठेवते आणि तारखेच्या आत भरते. एक तारीख चुकली तर सगळं व्याजातच जाईल."

"मंग कायले येवढा खटाटोप?"

ती हसली.

माझ्या बायकोला मात्र हे सगळं गोड लागत होतं. एकदा सुनेने तिला फोनवर व्हिएतनाम नावाच्या देशातलं धान दाखवलं. टोकदार टोप्या घातलेल्या बाया चिखलात वाकून रोवणी करत होत्या. माझ्या बायकोने पन्नास वर्षं रोवणी केली, घरची आणि लोकांचीही. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिली.

"ह्या बी आपल्यासारख्याच वाकतेत व?"

"तशाच, आई."

"अन् उठतानी? कमरेवर हात ठेवतेत का?"

फोटोत ते काही दिसत नव्हतं. बायको म्हणाली, "मले पाहाचं आहे."

संसारात तिने साडीसुद्धा मागितली नव्हती. सुनेने लगेच हिशोब लावला: तिचे साठलेले पॉइंट आणि येणारा टिलर कार्डाने घेतला तर त्याचे, असे मिळून आम्हा दोघांची आणि तिची, तीन तिकिटं होत होती. तिने मला सांजच्याला विचारलं, आणि मी दुसऱ्या दिवशी नोटा बांधून निघालो. माझ्या बायकोचं तिकीट मी त्या दुकानदाराच्या गल्ल्यात टाकून आलो.

त्या हिवाळ्यात बायकोचे गुडघे धरले. पायऱ्या चढताना ती भिंतीला हात लावू लागली. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं गोळ्यांवर काढू, मग ऑपरेशन करावंच लागेल.

एक दिवस जेवताना सुनेने पुन्हा विषय काढला आणि मी माझं नेहमीचं वाक्य बोललो, की फुकटाचं आपल्याला पचत नाही. बायको चुलीपासून म्हणाली, "सरवा का फुकटाचा होता?"

मी घास परत ताटात ठेवला.

माझा बाप मी आठ वर्षांचा असताना गेला. तेव्हा आमची जमीन नव्हती. कापणी झाली, भारे उचलले की धानाच्या बांधीत ज्या लोंब्या गळून पडतात तो सरवा. माझ्या आईने तो वेचून आम्हा चौघा भावंडांना जगवलं. आमच्याकडे सरवा वेचणाऱ्याचा असतो, मालक त्याला हात लावत नाही आणि वेचणारीला कोणी भिकारीण म्हणत नाही. आईचा एकच नेम होता: उभ्या धानाला हात नाही. मी एकदा कापून ठेवलेल्या कडप्यातून मूठभर ओढलं, तर तिने मला मालकाच्या दारी नेऊन ती मूठ परत द्यायला लावली.

हे सगळं बायकोने सुनेला सांगितलं. मी खाली पाहून ऐकत होतो. सून म्हणाली, "माझाही तोच नेम आहे, आई. पॉइंट मिळतात म्हणून एक रुपयाचीही वस्तू जास्त घ्यायची नाही. जे घ्यायचंच होतं, त्यातून गळतं तेवढंच माझं."

मी हात धुतला आणि उठून गेलो. 'चुकलो' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पण महिन्याभराने मी पुढल्या हंगामाच्या खताची आणि औषधाची यादी तिच्यापुढे ठेवली. "घे तुझ्या कार्डावर. पण मी दुकानात येणार नाई. बाजारात माझं नाव आहे."

"बरं, मामाजी. नाव घरी ठेवा, यादी द्या."

मग दीडेक वर्ष मी तिचं काम पाहिलं. आईला ठाऊक असायचं की भाऱ्यांची बैलबंडी ज्या कोपऱ्यावर वळते तिथे लोंब्या जास्त सांडतात. ती सगळ्यांआधी तिथे पोचायची. सुनेचंही तसंच. कोणत्या महिन्यात पॉइंट वळवले तर जास्त मैल पडतात, कोणत्या खरेदीवर बँक दुप्पट देते, सगळं तिच्या वहीत. भाच्याच्या लग्नाचा बस्ता निघाला तर ही सोबत, कोणाकडे फ्रिज आला तर ही सोबत. लोक पैसे हिच्या हाती देत, ही कार्ड लावी आणि ते पैसे त्याच दिवशी खात्यात टाकी. पहाटे अंगण झाडायच्या आधी फोनवर विमानातल्या जागा पाहून घेई. मी एमए झालेले लोक पाहिले, पण एवढी चिकाटी मी फक्त आईत पाहिली होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात मैल पुरे झाले. पण मैलांवरच्या जागा विमान कंपनी कधी देते, तर कोणी कुठे जात नाही तेव्हा. आम्हाला तीन जागा एकत्र मिळत होत्या त्या श्रावणात. ऐन रोवणीत. त्यानंतर दिवाळीपर्यंत काही नव्हतं. दिवाळीत बायकोचं ऑपरेशन, आणि वर्ष संपताना मैलही मरणार होते.

"तुमी दोघी जा," मी म्हटलं. "पंचावन्न वर्षांत मी रोवणी सोडून कुठं गेलो नाई."

बायको म्हणाली, "तुमी नाई तं मी बी नाई."

जागा दोन दिवसांत जातील, एवढं सांगून सून शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी मी नांगरट पाहायला बांधीवर होतो. बायको काठी टेकत टेकत आली. घरापासून बांधीपर्यंत तिला तीनदा बसावं लागलं असेल. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "औंदा मी रोवणीत नाई. मंग रोवणी होनार नाई का?"

"होईल ना. काऊन नाई होनार."

"मी पन्नास साल रोवलं. माझ्याबिगर होते, तं तुमी निस्ते धुऱ्यावर उभे राहून बायांवर खेकसता. धानाले मालक लागत नाई. पानी लागते."

नांगर धरणारा गडी तोंड फिरवून हसला. मी त्याच्यावर खेकसलो. मग बायकोला हात देऊन उठवलं आणि शाळेच्या वाटेने निघालो. मधल्या सुट्टीत मी सुनेला म्हटलं, "तीन काढ."

मोठ्या विमानतळावर बायकोला चाकांच्या खुर्चीत बसवून नेलं. मलाही खुर्ची आणली होती, मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सून आम्हाला एका थंड खोलीत घेऊन गेली. तिथे भात, भाजी, मिठाई, सगळं मांडून ठेवलेलं. पैसे कोणी मागत नव्हतं. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

"हा बी सरवा का व?"

"हो, मामाजी. कार्डावरच आहे."

"मंग वाढ."

व्हिएतनामात आम्ही मोठ्या नदीच्या खालच्या अंगाला गेलो, जिथे धानच धान. आमच्याकडे रोवणी आणि तिथे एका शेतात कापणी चाललेली. कापून झालेल्या बांधीत एका म्हाताऱ्याने शेकड्याने बदकं सोडली होती, ती गळलेले दाणे टिपत होती. बायको म्हणाली, "पाहा, बदकं सरवा वेचून राहिले." मी एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, दाणा दाताखाली धरला. तो म्हातारा माझ्याकडे पाहत होता. त्यानेही एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली. दाणा चांगला होता. दुसऱ्याच्या धानाला मी चांगलं म्हटल्याचं माझ्या बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पलीकडच्या बांधीत पेरा विरळ उगवला होता तिथे एक बाई वाकून पऱ्ह्याची रोपं लावत होती. बायको धुऱ्यावर बसून तिच्याकडे पाहू लागली. आम्ही किती वेळ थांबलो मला सांगता येत नाही. गाडीवाला दोनदा येऊन गेला, सुनेने त्याला थांबवलं. शेवटी ती बाई उठली. उठताना तिने उजवा हात कमरेवर ठेवला, डोळे मिटले आणि थोडी मागे वाकली. मग तिला आम्ही दिसलो. माझी बायको काठी सोडून उभी राहिली आणि तिनेही कमरेवर हात ठेवून दाखवला. ती बाई एवढ्या मोठ्याने हसली की बदकं उडाली. सुनेने डोळ्यांना पदर लावला. मी नदीकडे पाहत होतो.

आठव्या दिवशी दुपारी घरी पोचलो. मी चहा न घेता बांधीवर गेलो. मुलाने रोवणी उरकली होती. मी चारी धुऱ्यांवरून फिरलो, खोड काढायला काही सापडेना. पाणी मात्र भरपूर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकला आणि सुनेच्या स्कूटीवर मागे बसून खत घ्यायला कृषी केंद्रात गेलो. रस्त्यात दोन ओळखीचे भेटले, मी दोघांना हात केला. दुकानदाराने मला पाहून नेहमीसारखा नोटा मोजायला गल्ला पुढे ओढला.

"मशीन काढ," मी म्हटलं.

तो सुनेकडे पाहू लागला. "काकाजी, घर में सब ठीक है न?"

"सब ठीक है. तू मशीन निकाल."

सुनेने कार्ड लावलं, कागद निघाला. आम्ही वळणार तेवढ्यात नागरा गावचा एक ओळखीचा शेतकरी आला आणि खताच्या पाच बोऱ्या सांगून खिशात हात घालू लागला. मी त्याचा हात धरला.

"थांब गा," मी म्हटलं. "तुझे पैसे इकडं दे. कार्ड आमचं लागते."