विचारणारा माणूस

प्रतापनगरात कुणाच्या घरी माणूस गेला की तासाभरात रुपरावजींची स्कूटर दारात लागायची. आत येऊन ते आधी पंखा बंद करत. मे महिन्यात मयतावरचा पंखा बंद करणारा माणूस कुणाला आवडेल? पण वाऱ्याने डोळे सुकतात. मग हळूच विचारत, डोळे देता का? होकार आला तर पापण्यांवर ओला कापूस ठेवून नेत्रपेढीला फोन. नकार आला तर पंखा पुन्हा लावून, हात जोडून निघत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं हेच.

मला त्यांचा भारी राग यायचा. दुःखाच्या घरात मागायला येतात म्हणजे काय!

मागच्या वर्षी त्यांची बायको गोपिकाबाई गेली. बातमी ऐकून नेत्रपेढीची माणसं आपणहून आली, तर रुपरावजींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ही गोष्ट मी गल्लीभर केली. मग लोक तोंडावर म्हणू लागले, "आधी आपल्या घरचे द्या." वर्षभरात एकही घर हो म्हणालं नाही. बारा वर्षांचं काम बसलं. रुपरावजी चकार शब्द बोलले नाहीत.

या मार्चमध्ये माझी आई गेली. ते आले, पंखा बंद केला आणि विचारलं. मी उसळलोच. "गोपिकाकाकूचे काहून नाही दिले मग?"

"नाही म्हणाली होती ते. पुढच्या जन्मी आंधळी होईन म्हणे. लय समजावलं मी, नाही ऐकलं. मेल्यावर तिच्या मनाविरुद्ध कसं करू गा? आता तर तिले नाही म्हणताही येत नव्हतं."

मग आईकडे बघत त्यांनी विचारलं, "मायचं काय म्हणणं होतं?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं आई माझ्याकडे होती. औषधं वेळेवर, कूलर वेगळा, कशाची कमी नव्हती. पण तिला काय वाटतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आमची धुणीभांडी करणारी भीमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आजी द्या म्हणत होत्या, भाऊ. त्यांच्या पायाले तेल लावून राहिली होती मी, तवा मीच विचारलं होतं."

मी संमतीच्या कागदावर सही केली. पोटच्या पोराला जे सुचलं नाही, ते भीमाबाईला सुचलं होतं. रुपरावजींकडे मान वर करून मला बघवेना.