खालच्या दिशेचा बाण

माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आहे. म्हणून हे सगळं मी डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर एकेक अक्षर दाबून लिहिते आहे. फार वेळ लागतो. लोकांना वाटतं, वेळ गेला की राग शांत होतो. माझा लोणच्यासारखा मुरतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी पडले नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "कशा पडलात?" आणि मी प्रत्येकाला सांगते की पडले नाही, बसले. मे महिन्यात इकडच्या हिंदी मुलखात, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात कूलरमध्ये दिवसातून तीनदा पाणी भरावं लागतं. बादली रिकामी केली, ओल्या फरशीवर पाय थोडा सरकला, मी खाली बसले आणि हात टेकला. एवढंच. नात दिवसातून दहा वेळा तशी बसते आणि हसते. माझं मनगट मात्र काडकन मोडलं.

तो आवाज ऐकला तेव्हा मला दुखण्याआधी आई आठवली. माझी आई अशीच न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं आणि पुढचे चौदा महिने ती पलंगावरून उठली नाही. तिचं सगळं मी केलं. तिच्या पाठीला झालेल्या जखमा धुताना मी ठरवलं होतं की माझं असं होऊ द्यायचं नाही. मी रोज चालायचे, दूध प्यायचे, गोळ्या वेळेवर घ्यायचे. आणि त्या वेळेवर घेतलेल्या गोळीनेच घात केला.

थायरॉइड कमी काम करतंय हे मला चार-पाच वर्षांपूर्वी कळलं. अंग जड, केस गळतात, दुपारी तीनला डोळे मिटतात. डॉक्टरांनी गोळी दिली. ती मी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, कारण आमच्या घरात सकाळचं सगळं चहाबरोबरच होतं. चहाबरोबर ती गोळी अंगी नीट लागत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. टीएसएच चढाच राहिला, अकरापर्यंत गेला. पन्नासची गोळी पंचाहत्तर झाली, मग शंभर, मग एकशे पंचवीस. एक दिवस औषधाच्या दुकानातल्या भैयाने सहज विचारलं, "दीदी, खाली पेट लेते हो ना?" त्या दिवसापासून मी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेऊ लागले. आता ती पुरेपूर लागू लागली. गोळी मात्र एकशे पंचवीसचीच राहिली.

पुढचा रिपोर्ट आला. टीएसएच ०.०३. शेजारी खाली तोंड केलेला बाण.

आमच्याकडे रिपोर्ट वाचण्याचं खातं यांच्याकडे. हे गेली पंधरा वर्षं मधुमेहाचे पेशंट. साखरेच्या रिपोर्टवर बाण वर असला की घरात सुतक, खाली असला की शाबासकी. तोच नियम त्यांनी माझ्या रिपोर्टला लावला.

"पाह्य, किती खाली आलं!" हे म्हणाले. "अकराचं पॉइंट शून्य तीन! मले तर कधी जमलं नाही असं."

फोटो काढून दवाखान्याच्या नंबरावर पाठवला. तिकडून उत्तर आलं, "सेम चालू रखो." तीन शब्द. त्या तीन शब्दांवर मी दोन वर्षं काढली. दर सहा महिन्यांनी रिपोर्ट, दर वेळी खाली तोंड केलेला बाण, दर वेळी फोटो, दर वेळी तेच तीन शब्द. ते कोणी लिहिले, डॉक्टरांनी की खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या कोणी, हे मला आजही माहीत नाही. विचारायला गेले तर सांगितलं, "सर बिजी हैं." माझी हाडं झिजवायला मात्र वेळ होता सगळ्यांना!

आणि ती दोन वर्षं कशी गेली म्हणता? कौतुकात. मी बारीक होत गेले. पोलकी आतून शिवून घ्यावी लागली. छाती धडधडायची, जानेवारीत पंखा लावायचे, सुईत दोरा ओवताना हात थरथरायचे, रात्री झोप यायची नाही. मी यांना सांगितलं तर म्हणाले, "वय झालं नं आता." मुलीला सांगितलं, ती म्हणाली, "मम्मी, आप तो कितनी फिट दिख रही हो." सगळ्यांना माझी कंबर दिसली. धडधड कोणालाच दिसली नाही. आणि खरं सांगू? मलाही ते कौतुक गोड लागलं. इथेच माझी चूक सुरू होते, पण त्या चुकीकडे नंतर येईन.

मनगट जोडणारी डॉक्टर माझ्या मुलीपेक्षाही लहान होती. ती म्हणाली, "आंटी, इतने में हड्डी नहीं टूटती." तिने हाडांची घनता तपासायला लावली. आकडा आला उणे दोन पॉइंट सहा.

"उणे म्हणजे कमी," हे आनंदाने म्हणाले. "चांगलंच आहे नं?"

उणे अडीचच्याही खाली म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टरने सांगितलं. प्लास्टर ओलं होतं म्हणून हे वाचले.

त्या पोरीने माझी सगळी फाइल मागवली. चारही रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, खाली तोंड केलेल्या या बाणाचा अर्थ कोणी समजावला होता का? मग तिने जे सांगितलं त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टीएसएच हे थायरॉइड नव्हेच. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिने थायरॉइडला पाठवलेला तो निरोप आहे. अंगात कमी पडलं की ती ओरडून मागते, आकडा चढतो. पुरेसं असलं की हळू बोलते. गरजेपेक्षा जास्त झालं की गप्प बसते, आणि आकडा तळाला जातो. म्हणजे माझा आकडा खाली होता कारण गोळी जास्त होती. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहत होतं, आणि खाली आम्ही मोटर चालू ठेवून टाळ्या वाजवत होतो. ते जास्तीचं औषध हृदयाला पळवतं आणि पाळी गेलेल्या बाईची हाडं आतून पोखरतं.

पाच मिनिटं! दोन वर्षांत कोणाकडे पाच मिनिटं नव्हती? रिपोर्टवर बाण छापायला शाई आहे, त्याखाली एक ओळ छापायला नाही? तिने गोळी कमी करून दिली, मनाने बंद करायची नाही म्हणून बजावलं, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. हाडांसाठी कॅल्शियम दिलं, तेही थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास सोडून. नाहीतर पुन्हा चहाचीच गत.

घरी येऊन मी सगळ्यांना झाडलं. यांना, मुलीला, दवाखान्यात फोन उचलणाऱ्या बाईला. दुकानातला भैयासुद्धा सुटला नाही, कारण दोन वर्षं चिठ्ठी न बघता "वही वाली ना?" म्हणून पट्टी काढून देत होता. चार दिवस घरात मी एकटीच बोलत होते.

पाचव्या दिवशी माझी धाकटी जाऊ आठवली.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका माझ्या कमरेकडे बघत होत्या. जाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, अंगाने भरलेली. तिलाही थायरॉइडच, पण तिचं पन्नासच्या गोळीवर छान चाललं होतं. तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "ताई, काय करून राहिल्या तुम्ही? मले बी सांगा नं." आणि मी, तिळगुळाची वाटी हातात, शहाण्यासारखं म्हणाले, "तुझी पन्नासची गोळी काही कामाची नाही. माझ्यासारखी एकशे पंचवीसची घे."

मी रिक्षा करून तडक शंकर नगरला गेले. जाऊने दार उघडलं. गालाची हाडं वर आलेली, बांगड्या मनगटावरून खाली घसरलेल्या. माझं प्लास्टर बघून तिला वाईट वाटलं, मला बसवलं आणि चहा टाकला. मी विचारलं, "ती मोठी गोळी तू अजून घेऊन राहिली का?"

"हव ताई, तेव्हापासून. दुकानवाल्याले म्हटलं, ताईंची वालीच दे, त्यानं दिली," ती म्हणाली. मग आठवण होऊन लगबगीने आत गेली आणि रिपोर्ट घेऊन आली. "हे पाहा, तुमच्यासारखंच झालं माझं बी. एकदम खाली!"

बाण छापलेला होता. तोच, खाली तोंड केलेला.

चार दिवस मी ज्याला त्याला विचारत होते, न कळणाऱ्या गोष्टीत तोंड कशाला घातलं म्हणून. आता विचारायला समोर कोणी नव्हतं. जाऊ चहा घेऊन आली, आणि तिच्या हातातला कप बशीवर बारीक बारीक वाजत होता. माझ्या स्वयंपाकघरात दोन वर्षं तोच आवाज होता. मी कधी कान दिला नाही.

मी डाव्या हाताने तिच्याकडून कप काढून घेतला आणि खाली ठेवला.

"साडी बदल, डॉक्टरकडे चल," मी म्हणाले.

"काहून? रिपोर्ट तर चांगला आला नं ताई?"

"नाही आला," मी म्हणाले. "मी तुले चुकीचं सांगितलं."