डागणी आणि म्हाळसाबाई

केंदुरात बाळ जन्मलं की बारशाच्या आत म्हाळसाबाईची सहाण त्या घरी पोहोचायची. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ. कशाचे किती वळसे द्यायचे हे तिला बाळाचं तोंड बघून कळायचं. मी शाळेत शिक्षिका. वर्गात लसीकरणाचं महत्त्व सांगायची आणि घरी येऊन माझ्या प्रांजलला म्हाळसाबाईच्या हातची गुटी पाजायची. प्रांजलला सुयाही टोचल्या आणि गुटीही दिली. दोन्ही डगरींवर हात म्हणा हवं तर, मला त्याची लाज नाही.

म्हाळसाबाईचा नवरा तात्याबा. मेंढरं विकून चार एकरांत कांदा करायला लागला, तरी त्याची डागणी खुंटीला तशीच टांगलेली. मेंढरू धापा टाकायला लागलं की तापलेल्या डागणीनं बरगडीखाली डाग द्यायचा. लेकराचं पोट उडायला लागलं तरी त्याचा इलाज तोच. तात्याबा डाग द्यायचा आणि म्हाळसाबाई पाय धरायची. गावातल्या कितीतरी बाप्यांच्या पोटावर या दोघांची सही आहे.

त्यांचा पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना गेला. भीमेकाठी मेंढरं बसवली होती, तिथं. डाग दिल्यावर तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून तात्याबा एकच सांगायचा, "हिच्या हातून पाय हालला. डाग चुकला." तेही चारचौघांत, तिच्या तोंडावर. ती मान खाली घालून उगाळत राहायची. मला त्या माणसाचा असा संताप यायचा की काय सांगू!

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत तिच्या नातवाला, सहा महिन्यांच्या मल्हारला, खोकला झाला. ओव्याची पुरचुंडी शेकून झाली, छातीला तेल चोळून झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं अंगावर प्यायचं सोडलं. सकाळी मी गेले तर श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठ काळसर पडले होते. मल्हारचा बाप ट्रकवर बाहेरगावी. सून सुषमा लेकराला छातीशी धरून बसलेली. चुलीत डागणी लाल झाली होती.

"आत्ताच्या आत्ता शिरूरला न्या," मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, ह्यो आमच्या घरचा मामला हाय," तात्याबा म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "घे पोराला. पाय धर."

म्हाळसाबाईनं सुषमाकडून मल्हारला घेतलं. सुषमानं डोळे मिटले. पण म्हाळसाबाई चुलीकडे गेलीच नाही. तिनं पोराला पदरात गुंडाळलं.

"म्या न्हाई धरायची."

"म्हाळसे!"

"पाय तवाबी हालला न्हवता. म्या गच्च धरला व्हता. डाग तुम्ही म्हनला तिथंच बसला व्हता. तरी माझं लेकरू गेलं."

तिनं चपला घातल्या आणि सुषमाला म्हणाली, "चल गं."

दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिघी शिरूरला गेलो. वाटभर ती मल्हारच्या बरगडीवर हात ठेवून होती. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला आणि आम्हाला फैलावर घेतलं. दुपारपर्यंत थांबला असतात तर उपयोग नव्हता, म्हणाले. पोरगं सात दिवस तिथं होतं. म्हाळसाबाई सातही दिवस कॉटच्या पायथ्याशी बसून राहिली. टिपूस काढलं नाही तिनं.

पुढं गुटी तिनं सोडली नाही, सोडायचं काही कारणही नव्हतं. फक्त आधी बाळाचं झबलं वर करून बघायची. बरगड्या उडत असल्या की सहाण बाजूला सारून शिरूरच्या एसटीची वेळ सांगायची.

पण ते नंतरचं. आठव्या दिवशी मल्हारला घरी आणलं, तेव्हा तात्याबा ओट्यावर बसला होता. खुंटी रिकामी होती. डागणीचं काय केलं ते कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्यानं नातवाला मांडीवर घेतलं. त्याचे दोन्ही पाय मुठीत धरून बराच वेळ बसला. मग बायकोकडे न बघता म्हणाला,

"न्हवता हालला पाय. म्या बघितलं व्हतं."

म्हाळसाबाई उंबऱ्यातच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.