अर्धी म्हण

दिघेकाका म्हण कधी पुरी सांगत नसत. अर्धी सांगायचे, तर्जनी वर धरून थांबायचे आणि उरलेली समोरच्याने पुरी करायची. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत वाढलेल्या प्रत्येकाला ही सवय लागली होती. शाळेत मराठी शिकवून काका निवृत्त झाले, तरी ते बोट काही निवृत्त झालं नाही.

माणसाचा स्वभाव ओळखावा तर काकांनी, असं सगळे म्हणत. नवराबायकोचं भांडण असो की भावाभावांची वाटणी, लोक त्यांच्याकडे जात. त्यांचं ऐकून घेणं मात्र दोन वाक्यांपलीकडे जात नसे. तेवढ्यात समोरचा माणूस कुठल्या म्हणीत बसतो ते त्यांनी ठरवलेलं असे. मला याचा भारी राग यायचा.

"माणसं नवी नसतात गं," ते म्हणायचे. "जुन्या लोकांनी सगळी बघून ठेवलीत."

त्यांची एकुलती एक मुलगी सुलू माझी मैत्रीण. तिला गोरव्याला दिली होती. नवरा मारायचा. एका दुपारी ती पिशवी घेऊन आली तेव्हा मी काकांकडेच बसले होते. काकू केव्हाच गेल्या होत्या, त्यामुळे सांगायचं ते वडिलांनाच. दोन वाक्यं झाली आणि बोट वर गेलं. बाईच्या सोसण्यावरची म्हण होती. सुलूने मान खाली घालून ती पुरी केली, लहानपणापासून करायची तशी. मग पिशवी उचलली. मी म्हटलं, आमच्याकडे चल.

"राहू दे," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं ने."

दिवाळीच्या आधी ती गेली. गच्चीवरून पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. आमच्या गल्लीत ते कुणालाच पटलं नाही.

भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी मरणावरची म्हण अर्धी म्हटली आणि सवयीने काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी म्हण ऐकली नाही. शेजारचे जशुभाई ताट आणून "काका, थोडुं जमी लो" म्हणत समोर बसायचे, तेव्हा कुठे चार घास पोटात जायचे.

अंथरुणाला खिळल्यावर एकदा त्यांनी माझा हात धरला.

"तू होतीस ना त्या दिवशी? सुलू काय सांगत होती गं?"

मी आठवून सांगितलं, "बाबा, काल पुन्हा मारलं. मला तिथे भीती वाटते."

काका वाट बघत राहिले.

"आणि पुढे?" त्यांनी विचारलं.