त्याच्या डावीकडची खुर्ची

त्या माणसाचा मला अजूनही राग येतो. हातात काय आलंय त्याची फिकीर न करता खेळणारा माणूस माझ्या घरात आणला कोणी, तर माझ्याच डोंबिवलीच्या मित्राने. वागळे इस्टेटमध्ये हा मित्र, मी आणि आणखी दोघं, असे आम्ही चौघं एकाच कारखान्यात होतो, मी क्वालिटीला. रिटायर झाल्यावर दर रविवारी सकाळी कोपरीत माझ्याकडे पोकर सुरू केलं. पैसे लावायचे नाहीत, नुसत्या प्लॅस्टिकच्या चिप्स. नियम एकच, तोही मीच घातलेला: ज्याच्या चिप्स सगळ्यात आधी संपतील त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी नाश्त्याला सिंधी दाल-पकवान आणायचं. बायको गेल्यापासून मी आठवडाभर टीव्हीशी बोलतो. माणसांशी बोलायचो ते फक्त रविवारी. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

हा आंबिवलीचा, डोंबिवलीवाल्याचा साडू. आल्या आल्या, चप्पल काढता काढताच म्हणाला, चला, वाटा. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते उलटे मिळतात, आणि टेबलावरचे पत्ते उघडण्याआधीच पहिली बोली लागते. माझे पत्ते बरे असले की मी रेज करायचो, म्हणजे बोली वाढवायचो, बाकीचे गपचूप पत्ते टाकायचे. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. हा गृहस्थ माझ्या रेजवर तिप्पट रेज करायचा. हातात काय, तर सत्ती आणि दुर्री! आणि कधी खरोखरच एक्क्यांची जोडी. त्याचा त्यालाच पत्ता नसायचा, तर मी काय ओळखणार, कपाळ? मी पत्ते टाकले की तो आपली सत्ती-दुर्री सगळ्यांना दाखवून पोट धरून हसायचा, आणि बाकीचे तिघंही हसायचे. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन. लागोपाठ कितीतरी रविवार दाल-पकवान मीच आणलं.

मग मी डोकं चालवलं. जन्मभर मापंच तपासली, म्हटलं याचंही माप काढू. आधी खुर्ची बदलली. पंख्याचा वारा पाठीला लागतो असं सांगून त्याच्या डावीकडे जाऊन बसलो, म्हणजे त्याची पाळी माझ्याआधी. त्याने काय उपद्व्याप केलाय ते बघायचं आणि मग आपलं ठरवायचं. जेमतेम बऱ्या पत्त्यांवर रेज करणं बंद केलं, कारण त्याने वर चढवलं की ते टाकावेच लागतात. थापा मारणंही सोडलं. जो पत्ते टाकतच नाही त्याला थाप मारून उपयोग काय? आणि मुख्य म्हणजे घाबरणं सोडलं. दश्शीची जोडी किंवा एक्का-राजा आला, आणि त्याने चढवलं, की मी सगळ्या चिप्स पुढे ढकलायचो. कधीतरी त्याच्याकडे खरंच एक्के निघतील, निघू देत. बहुतेक वेळा कचराच असायचा.

झालंही तसंच. पहिल्या रविवारी तो अर्ध्या तासात बाहेर. पुढच्या रविवारी त्याच्याही आधी. आता दाल-पकवान तो आणायला लागला. चिप्स संपल्या की गॅलरीत पेपर घेऊन बसायचा, आमचा खेळ उठेपर्यंत. आत तिघांचं हसणं बंद झालं होतं. मला वाटलं, चला, आता खेळ सुधारला.

मग त्याचा गुडघा दुखायला लागला. तो येईनासा झाल्यावर माझ्या पलीकडच्या गल्लीतल्या मित्राच्या सोसायटीची दर रविवारी मीटिंग निघायला लागली. तिसऱ्याला नातवाला क्लासला सोडायचं असायचं. डोंबिवलीवाल्याने तर फोन उचलणंच सोडलं. मी आपला रविवारी टेबल पुसायचो, चिप्स रंगाप्रमाणे लावायचो आणि दुपारी परत डब्यात भरायचो. नुसती चीड यायची. हरले की पळाले, असं मोठ्याने म्हणायचो, ऐकायला कोणी नसलं तरी.

अशाच एका रविवारी सकाळी पकवानवाल्याकडे गेलो, तर गल्लीतला मित्र रांगेत. मला बघून त्याचा चेहरा पडला. मी विचारलं, आज मीटिंग नाही का? खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याला. म्हणाला, आंबिवलीला चाललोय, हल्ली आम्ही त्याच्या घरी बसतो. दुकानदार पार्सलं बांधत होता. पाच होती. म्हटलं, तुम्ही तर चौघं, मग हे पाचवं कोणाला? त्याचा शेजारी येतो खेळायला, तो चपलेकडे बघत म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच, रांगेत, मी त्याला सुनावलं. तो माणूस कचऱ्यावर खेळतो, खेळाची काडीची अक्कल नाही त्याला. मी नियमाने खेळलो, एकदाही लबाडी केली नाही, आणि माझीच खुर्ची दुसऱ्याला? यात एक शब्द खोटा नव्हता.

“तो हरला तरी हसतो रे,” मित्र म्हणाला. “तू जिंकूनसुद्धा कधी हसला नाहीस.”

दुकानदाराने पिशवी पुढे केली. मित्राने खिशात हात घातला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

“आधी बाहेर पडेल त्याने आणायचं,” मी म्हटलं, आणि पाचही पार्सलांचे पैसे दिले.

तो नको म्हणाला नाही. पिशवी उचलून स्टेशनकडे निघून गेला.